मागची रेघ

विभागातली सगळी माणसं तिला पाठीमागे फूटपट्टी म्हणत, आणि हे तिला चांगलं ठाऊक होतं. त्याचा तिला राग नव्हता. खरं सांगायचं तर मनातून बरंच वाटायचं. किरणोपचाराच्या त्या विभागात फुफ्फुसातली गाठ मोजावी तर तिनेच, असा या डॉक्टरबाईचा लौकिक होता, आणि लौकिक असला की टोपणनाव आलंच. दर आठवड्याला उपचाराच्या यंत्रावरच रुग्णाचा स्कॅन निघायचा. मग पडद्यावर गाठीभोवती रेघ ओढायची आणि गाठ आहे तेवढीच आहे की आक्रसली, ते ठरवायचं. ऐकायला किती सोपं. पण गाठ म्हणजे काही ताटलीत ठेवलेलं लिंबू नव्हे. माणूस श्वास घेतो, गाठ हलते, तिची कड धूसर होते, आणि त्या धूसर पट्ट्यात मोजणाऱ्याला हवं ते दिसायला लागतं.

म्हणून तिने नियम घालून दिले होते. मोजायला बसलं की आधी मागच्या आठवड्याची रेघ झाकायची; पडद्यावर त्यासाठी बटणच होतं. पडद्याचा उजेड ठरलेला आहे तोच ठेवायचा, त्याला हात लावायचा नाही. दोघांनी वेगवेगळं मोजायचं, एकमेकांचा आकडा न बघता. आकडे जवळ आले तर उत्तम. फार अंतर पडलं तर दोघांनी शेजारी बसून ते मिटवायचं. रुग्णाचं नाव मोजणाऱ्याला दिसायचं नाही, नुसता क्रमांक दिसायचा, आणि मोजणारे कोण हे उपचार करणाऱ्याला दिसायचं नाही. "मागची रेघ दिसली की हात तिच्या मागे मागे जातो," असं ती नव्या डॉक्टरांना बजावायची. "हाताला आशा नसते असं समजू नका." एका डॉक्टरने एकदा रेघ उघडी ठेवून मोजलं, तेव्हा तिने सगळ्यांसमोर त्याची अशी बिनपाण्याने केली की तो बिचारा बरेच दिवस जेवणाच्या खोलीत तिच्याकडे पाठ करून बसायचा.

नातेवाइकांशीही तिचा तोच खाक्या. बाहेरच्या बाकांवरून कोणी धडपडत उठायचं, "कमी झाली का हो?" म्हणून विचारायचं. "मोजल्यावर कळेल," एवढं बोलून ती पुढे निघालेली असायची. आपल्या चेहऱ्यावरून कोणी काही वाचू नये म्हणून ती चेहरा कोरा ठेवायची आणि त्याला शिस्त म्हणायची.

अशा बाईच्या धाकट्या भावाच्या फुफ्फुसात गाठ निघाली.

भाऊ शाळेची बस चालवायचा. लहानपणी गुबगुबीत होता म्हणून तिने त्याचं नाव ढब्या पाडलं होतं, आणि त्याचे केस पांढरे व्हायला लागले तरी ते तिच्या तोंडून सुटलं नव्हतं. आता पॅन्ट राहत नाही म्हणून त्याने पट्ट्याला खिळ्याने नवी भोकं पाडली होती. ढब्या म्हणताना तिची जीभ अडखळायची, पण अचानक नाव बदललं तर तो काय समजायचं ते समजेल, म्हणून ती रेटून ढब्याच म्हणत राहिली. गाठ छातीच्या मध्याजवळ, अन्ननलिकेला खेटून होती. कापून काढण्यासारखी नव्हती, किरणं हाच उपाय होता. उपचार तिच्याच विभागात होणार होते, पण ते विभागप्रमुख स्वतः करणार होते. त्यांना सगळे सर म्हणत. सरांनी पहिल्याच दिवशी तिला बोलावून निक्षून सांगितलं, की या रुग्णापुरती ती नुसती बहीण आहे. फाइल उघडायची नाही, स्कॅन बघायचा नाही, मोजायचं तर मुळीच नाही. तिने मान डोलावली. आपल्या माणसाला आपण मोजायचं नाही, हा नियमसुद्धा मुळात तिनेच सुचवलेला होता.

सुरुवातीला सगळं रीतसर चाललं. मग किरणांनी अन्ननलिका आतून सोलवटून निघाली आणि ढब्याला गिळवेना. ती रोज संध्याकाळी त्याच्याकडे जायची. भावजय सूप दोनदा गाळून, कोमट करून त्याच्यापुढे ठेवायची. तो चमचा तोंडात घ्यायचा, डोळे मिटायचा, टेबलाची कड घट्ट धरायचा आणि मगच गिळायचा. गिळून झालं की लगेच विनोद. म्हणायचा, आमच्या बसमधली पोरं मोठ्या वळणावर अशीच डोळे मिटून सीट धरतात, मी त्यांना उगाच हसत होतो. भावजयीला हसू यायचं नाही. आणि बहीण तोवर खिडकीपाशी जाऊन पडदा सारखा करत असायची, किंवा ओट्यावरची पुसलेली भांडी पुन्हा पुसत असायची. "गिळताना थोडा त्रास होईल हं," असं आजवर कितीजणांना सांगितलेली ही बाई, पण तो थोडा त्रास समोरासमोर बघायची तिची छाती नव्हती.

त्यावर इलाज एकच होता, आणि तो तिच्याइतका कोणाला ठाऊक असणार? गाठ पुरेशी आक्रसली असेल तर किरणांचा झोत लहान करता येतो, अन्ननलिका झोतातून सुटते, माणूस जेवायला लागतो. पण गाठ खरोखर आक्रसलेली नसताना झोत लहान केला, तर गाठीची कड किरणांतून सुटते, जिवंत राहते आणि पुन्हा वाढते. दुसऱ्यांदा तितकी किरणं देता येत नाहीत. म्हणजे सगळा खेळ त्या एका आकड्यावर.

त्याच सुमारास मोजणाऱ्यांपैकी एकजण रजेवर गेला आणि त्याचं काम बाकीच्यांत वाटलं गेलं. वाटणी संगणक करायचा, आणि संगणकाला भाऊबहीण काही कळत नव्हतं. तिने सकाळी एक क्रमांक उघडला. मागची रेघ झाकलेली होती. गाठीकडे बघायच्या आधी तिची नजर फासळ्यांवरून फिरली, ती नेहमीच फिरायची, आणि डाव्या बाजूच्या एका फासळीवर थबकली. तिथे जुनं मोडलेलं हाड जुळून आल्याचा उंचवटा होता. शाळेत असताना ढब्या चेंडू काढायला शेजाऱ्यांच्या भिंतीवर चढला होता आणि पलीकडे आपटला होता. ती फासळी तिने तेव्हा बोटाने चाचपून पाहिली होती. कोणाचं काय मोडलं आहे हे बघायची आवड तिला तेव्हापासूनची.

इथे तिने क्रमांक बंद करायला हवा होता. एक बटण दाबायचं, कारण म्हणून "नातेवाईक" निवडायचं, की तो दुसऱ्याकडे जातो. याला ना धाडस लागत होतं ना अक्कल. तिने दाराकडे एकदा बघून घेतलं आणि मोजायला सुरुवात केली.

आधी तिने अगदी नियमाने मोजलं. चव्वेचाळीस मिलिमीटर. मग तिने मागची रेघ उघडली. मागचा आकडा पंचेचाळीस होता. एक मिलिमीटर म्हणजे काहीच नाही, तेवढा तर हात कापतो. ती रेघेकडे बघत राहिली. काल संध्याकाळी टेबलाची कड धरलेली त्याची बोटं पांढरी पडली होती, ती तिला आठवत होती. तिने पडद्याचा उजेड जरासा बदलला. गाठीभोवतीचा धूसर पट्टा विरघळल्यासारखा झाला. हा पट्टा श्वासाचाच असणार, असं तिने मनाशी म्हटलं, आणि मागच्या रेघेच्या आतून, जपून, सुबक अशी नवी रेघ ओढली. छत्तीस. आपण खोटं काही केलेलं नाही, जे दिसलं तेच मोजलं, असंही तिने मनाशी म्हटलं. पण उजेड पुन्हा होता तसा करताना तिने खोलीचं दार लोटून घेतलं होतं.

दुसरी मोजणी नव्या डॉक्टरकडे होती. ही मुलगी अलीकडेच लागलेली, कामाला चोख आणि फूटपट्टीच्या नुसत्या सावलीला घाबरणारी. तिचा आकडा आला चव्वेचाळीस. इतकं अंतर नियमात बसत नव्हतं, म्हणून दोघी शेजारी बसल्या. त्या वेळीसुद्धा मागे फिरता आलं असतं. पण बाईंनी मागची रेघ उघडून दाखवली, उजेड बदलून दाखवला आणि शांत, शिकवण्याच्या सुरात समजावलं की हा पट्टा श्वासाचा आहे, तो गाठीत धरायचा नसतो. नवी डॉक्टर "पण उजेड..." एवढंच म्हणाली. मग म्हणाली, माझंच चुकलं असेल मॅडम, आणि स्वतःची रेघ तिने स्वतःच्या हाताने आत ओढली. सदतीस. दोन आकडे जुळले. जुळलेला आकडा सरांपुढे गेला, सरांनी समाधानाने सही केली, आणि पुढच्या सोमवारपासून लहान झोताने उपचार करायचे ठरले.

पोटात ठेवलं असतं तरी एक वेळ चाललं असतं. पण त्या संध्याकाळी ढब्याने सूपची वाटी पुढे ओढली आणि तिच्याच्याने राहवलं नाही.

"आक्रसलीय," ती म्हणाली. "सोमवारपासून झोत लहान करताहेत. मग गिळायला सोपं जाईल."

ढब्याने चमचा खाली ठेवला. बराच वेळ त्याला विनोदच सुचला नाही. मग त्याने फोन उचलला आणि लेकीला लावला. तिला घरात सगळे चिमणी म्हणत. ती दूरच्या शहरात शिकत होती, बापाच्या आजाराचं ऐकून परीक्षा सोडून यायला निघाली होती, तिकीटही काढलेलं होतं. तो तिला मोठ्या आवाजात सांगत सुटला की अजिबात येऊ नकोस, तिकीट रद्द कर, तुझ्या आत्याने स्वतः सांगितलंय, गाठ घाबरली आहे तिला. भावजयीने पदराने... नाही, हातातल्या भांडी पुसायच्या फडक्यानेच डोळे पुसले आणि नणंदेचा हात धरून म्हणाली, ताई, तुम्ही आहात म्हणून आम्हाला काळजी नाही. नणंदेच्या कानाच्या पाळ्या तापल्या. काम आहे म्हणून ती लवकर निघाली. काम काही नव्हतं.

पुढचे दिवस तिने कसेबसे ढकलले. मान वर करून चालणारी बाई जमिनीकडे बघत जायला लागली, आणि लोकांना वाटलं, भावाच्या आजारपणाने खचली आहे. लोक हळू आवाजात चौकशी करायचे. कोणी कॉफी आणून द्यायचं. प्रत्येक कपाबरोबर तिला आपण भामटे आहोत असं वाटायचं, तरी ती कॉफी प्यायची.

शुक्रवारी दुपारी ती मोजणीच्या खोलीवरून चालली होती. आत नवी डॉक्टर एकटी काम करत होती. पडद्यावर दुसऱ्याच कोणाची तरी फुफ्फुसं होती, आणि गाठीभोवती मागच्या आठवड्याची रेघ लखलखीत उघडी होती. वर्षानुवर्षांची सवय; तिच्या तोंडून धारदार आवाज निघाला.

"रेघ झाकलेली नाही."

नवी डॉक्टर दचकली नाही. उलट हसून वळली, शाबासकी मिळणार असल्यासारखी.

"तुम्ही त्या दिवशी दाखवलंत ना मॅडम, तसंच करतेय. आधी मागची बघून घेतली, उजेड जरा बदलला, की गोंधळच होत नाही. तेव्हापासून माझे आकडे पण चांगले यायला लागलेत."

"चांगले म्हणजे?"

"कमी," ती म्हणाली.

फूटपट्टीने वळून दाराबाहेर बघितलं. बाहेरच्या बाकांवर माणसं होती. मफलर गुंडाळलेली एक म्हातारी आणि तिचा लेक रोज तिथे बसायचे. लेक आईचं पाकीट, चष्मा, पाण्याची बाटली सगळं मांडीवर घेऊन बसायचा. पडद्यावर ती म्हातारी होती की आणखी कोणी, हे तिला माहीत नव्हतं. नुसता क्रमांक होता. आपल्या भावासाठी आपण एक रेघ आत ओढली, आणि ती आता कोणाकोणाच्या छातीत आत आत सरकत होती. तिला इतकी लाज वाटली की या मुलीच्या समोर श्वास घेणंसुद्धा चोरटं वाटायला लागलं.

"तुझा पहिला आकडा बरोबर होता," ती म्हणाली. "त्या दिवशीचा. चव्वेचाळीस. माझाही आधी तोच आला होता."

नव्या डॉक्टरचं हसू जागच्या जागी राहिलं. "मग तुम्ही मला का..."

"तो माझा भाऊ आहे."

 मुलीने हळूच पडद्यावरची रेघ झाकली, उजेड पहिल्यासारखा केला, आणि मग दोन्ही हात मांडीत घेऊन बसली. आपल्या चांगल्या आकड्यांकडे ती आता कोणत्या नजरेने बघत असेल, हे बघायला बाई थांबल्या नाहीत. त्या तडक सरांकडे गेल्या.

सरांनी आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं. त्यांनी आधी सोमवारचा लहान झोत रद्द केला, जुनाच ठेवला. मग सगळ्यांना बोलावून त्या दिवसापासूनची नव्या डॉक्टरची प्रत्येक मोजणी दुसऱ्यांकडून नव्याने करून घ्यायला सांगितलं. कारण मात्र त्यांनी सांगितलं नाही. ते त्यांनी तिच्यावर सोडलं. तिने उभं राहून सांगितलं, काहीही हातचं न राखता.  मागे ज्याची तिने बिनपाण्याने केली होती तो डॉक्टर समोरच होता. टोमणा मारायची याहून चांगली संधी त्याला जन्मात मिळाली नसती. त्याने आपल्या पुढ्यातला पाण्याचा ग्लास तिच्याकडे सरकवला, आणि ते तिला फार जड गेलं. मोजणीचं काम तिच्याकडून काढून घेतलं गेलं. किती दिवसांसाठी, हे तिने विचारलं नाही.

बाहेर पडताना बाकांवरून म्हातारीचा लेक उठला. मांडीवरची बाटली घरंगळली, ती उचलत त्याने घाईघाईने विचारलं, कमी झाली का हो? ती सवयीने पुढे निघाली होती, ती दोन पावलं मागे आली. मोजणीत आमच्याकडून चूक झाली असण्याची शक्यता आहे, पुन्हा मोजताहेत, आणि मोजणारी मी नाही, असं तिने त्याला नीट उभं राहून सांगितलं. आता त्याने काय विचारायचं ते विचारावं म्हणून ती थांबली. त्याने नुसते आभार मानले. ती खालमानेने जिना उतरली.

संध्याकाळी ढब्याच्या घरी पोचली तेव्हा टेबलावर सूप होतं आणि भावजय चमचा धूत होती. बहिणीने पर्स खांद्यावरून काढलीही नाही. गाठ आक्रसलेली नाही, होती तेवढीच आहे. झोत लहान होणार नाही, गिळायचा त्रास अजून राहणार. आणि हे सगळं तिच्यामुळे झालं, असं तिने दारातच सांगून टाकलं. सोमवारी लहान झोत सुरू झाला असता तर काय झालं असतं, तेही सांगितलं. भावजयीने नळ बंद केला आणि ती तशीच पाठमोरी उभी राहिली.

ढब्या वाटीकडे बघत होता. तो काहीतरी चेष्टेचं बोलेल, नेहमीसारखं सांभाळून घेईल, अशी एक लाचार आशा तिला अजूनही होती. तो बोलला तेव्हा त्याच्या आवाजात चेष्टा नव्हती.

"त्या दिवशी मला कोणी सांगितलं होतं? डॉक्टरने की ताईने?"

"ताईने," ती म्हणाली. "डॉक्टरच्या तोंडाने."

त्याने यावर विचार केला. मग टेबलावरचा फोन तिच्याकडे ढकलला. "चिमणीला तूच सांग. मी तिला येऊ नको म्हटलं ते तुझ्या जिवावर."

फोन लागला. पलीकडे गडबड होती, कोणीतरी हसत होतं, आणि मग भाचीचा आवाज आला. आत्याचा आवाज ऐकताच तिने विचारलं, बाबा बरे आहेत ना?

"बरे आहेत. चिमणे, ऐक. गाठ चव्वेचाळीस मिलिमीटर आहे."

"पण बाबा म्हणाले कमी झाली."

"कमी झाली नव्हती," ती म्हणाली. "मी कमी मोजली."

पलीकडची गडबड दूर गेल्यासारखी झाली; भाची बहुधा खोलीबाहेर आली असावी.  इकडे ढब्याने चमचा उचलला. सूप तोंडात घेतलं, डोळे मिटले, टेबलाची कड धरली. बोटं पांढरी पडली. खिडकी बहिणीच्या हाताशीच होती, पण पडद्याकडे तिचा हात गेला नाही. फोन कानाशी धरून ती त्याच्या गळ्याकडे बघत राहिली, घोट खाली उतरेपर्यंत.

"मी निघते, आत्या," चिमणी म्हणाली. "बाबांना सांग."

तिने सांगितलं.